अपत्यस्नेह आणि अपत्यमोह

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ एका पित्याच्या प्रश्नाने होतो, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्या पुष्कळ सज्जनांच्याही सहसा ध्यानात येत नाही. सातशे श्लोकांच्या या ग्रंथात धृतराष्ट्राच्या मुखी एकच श्लोक आहे आणि तो अगदी पहिला आहे. कुरुक्षेत्रावर युद्धासाठी जमलेल्यांनी काय केले, एवढेच तो संजयास विचारतो. परंतु तेवढ्या एका प्रश्नातही तो एका घराच्या दोन वाटण्या करतो. एका बाजूस ‘माझे’ आणि दुसऱ्या बाजूस ‘पांडूचे’. पांडू हा त्याचाच धाकटा बंधू. बंधूच्या पश्चात त्या पाच मुलांचा सांभाळ करण्याचे कर्तव्य त्याच्याकडेच आलेले होते. तरीही ‘माझे’ या शब्दात त्यांना स्थान मिळाले नाही. पुढे अठरा दिवसांत जो सर्वनाश झाला, त्याचे बीज या एका शब्दात आहे.

धृतराष्ट्र दुष्ट होता, असे महाभारत म्हणत नाही. धर्म काय आणि अधर्म काय, हे त्याला कळत होते. विदुराने रात्रभर नीती सांगितली, तेव्हा त्याने ती आदराने ऐकली, पटल्याचेही कबूल केले आणि मग आपली अडचण मोकळेपणाने सांगितली. आपली बुद्धी पांडवांकडे वळते, परंतु दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते, असे तो म्हणाला. द्यूतसभेत पणामागून पण लागत होते, तेव्हा कोण जिंकले हे तो हर्षाने पुन्हापुन्हा विचारीत होता. मनातला आनंद त्याला लपवता आला नाही. पुढे द्रौपदीस वर देऊन त्याने सर्व परत केले खरे, पण पुत्राने गळ घालताच दुसऱ्या द्यूतालाही अनुमती दिली. त्या प्रसंगी गांधारीने कळवळून निषेध केला. त्यावर कुळाचा नाश व्हायचा असेल तर होवो, आपण तो थांबवू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर या पित्याने दिले. राजदंड हाती असलेला पिता आपल्याच मुलासमोर असा हतबल झाला.

याचे कारण काय? त्याचे मुलावर प्रेम नव्हते, असे कोणीही म्हणणार नाही. प्रेम होते, परंतु त्यात विवेक नव्हता. विवेकासहित प्रेम म्हणजे स्नेह. विवेकावाचून प्रेम म्हणजे मोह. स्नेह मुलाचे हित पाहतो, मोह मुलाची मर्जी पाहतो. मुलाचा दोष स्नेहाला दिसतो आणि तो दूर व्हावा म्हणून तो झटतो. मोहाला दोष दिसत नाही. दिसला तरी तो झाकण्यासाठी त्याची धडपड चालते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणूनच आपल्या अंतःकरणात यांपैकी कोण नांदत आहे, याचा शोध प्रत्येक मातापित्याने स्वतःच घेतला पाहिजे.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. संजयाच्या मुखातून गीता प्रथम ज्याच्या कानी पडली, तो श्रोता धृतराष्ट्रच होय. अठराही अध्याय त्याने ऐकले. पण संजय रणभूमीवरून परत आला तो भीष्म पडल्याची वार्ता घेऊन, युद्धाच्या दहाव्या दिवशी. त्यानंतर त्याने सारा वृत्तांत आरंभापासून सांगितला. म्हणजे उपदेश कानी आला तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. तरीही दुर्योधन जिवंत होता, राजा अद्याप राजाच होता. युद्ध थांबवा, एवढे तो बोलू शकला असता. तो बोलला नाही. नित्य पाठ करणाऱ्या गृहस्थाने येथे क्षणभर थांबावे. गीता ऐकूनही घर बुडू शकते, हे गीतेच्या पहिल्या श्रोत्याने दाखवून दिले आहे.

आजच्या घरात हा मोह कोणत्या रूपांनी वावरतो, ते पाहिले पाहिजे.

त्याचे पहिले रूप म्हणजे दोष झाकणे. शाळेतून तक्रार आली, की मुलाला काही विचारण्यापूर्वीच शिक्षकांशी भांडायला निघणारे पालक थोडे नाहीत. मूल हे सारे पाहत असते. आपण काहीही केले तरी वडील आपली बाजू घेतील, हा धडा ते त्या दिवशी शिकते. दुर्योधनाने हाच धडा गिरवला होता. तक्रार खोटीही असू शकते, मुलावर अन्यायही होऊ शकतो. म्हणून आधी दोन्ही बाजू ऐकाव्यात, मग निर्णय करावा. न्याय घरात मिळतो असे ज्या मुलाने पाहिले आहे, ते बाहेर अन्याय करण्यास कचरते.

दुसरे रूप आहे मागेल ते देणे. रडणारे मूल गप्प करण्यासाठी त्याच्या हाती मोबाइल देणे, ही आज घरोघरीची रीत झाली आहे. आरंभी अमृतासारखे वाटणारे आणि परिणामी विषासारखे ठरणारे ते राजस सुख, असे अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. त्याचे याहून ढळढळीत उदाहरण क्वचितच सापडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षापर्यंतच्या बालकांना पडद्यापुढे मुळीच बसवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १ तासाहून अधिक वेळ बसवू नये. आहार, विहार, झोप आणि जागरण या साऱ्यांत जो प्रमाण राखतो त्याचाच योग दुःखहारक होतो, हे सहाव्या अध्यायातील वचन वनातील योग्याइतकेच घरातील बालकालाही लागू आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दररोज ९ ते १२ तास झोप हवी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. रात्री अकरापर्यंत जागणाऱ्या घरात मूल सकाळी चिडखोर उठते, वर्गात पेंगते आणि मग त्याच्यावर आळशीपणाचा ठपका बसतो. दोष घराच्या घड्याळाचा. शिक्षा मात्र मुलाला.

तिसरे रूप सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत भयंकर आहे. ते म्हणजे मुलाच्या यशात आपला अहंकार गुंतवणे. फळावर अधिकार सांगू नये, हे वचन ज्यांच्या जिभेवर आहे, तेच गृहस्थ परीक्षेचा निकाल लागताच फळावाचून दुसरे काही पाहत नाहीत. किती गुण पडले, शेजारच्या मुलापेक्षा किती कमी, नातलगांना काय सांगायचे! वर्षभर मुलाने केलेला अभ्यास हे त्याचे कर्म. गुणपत्रिका हे फळ. कर्माकडे वर्षभर कोणी लक्ष दिले नाही आणि फळाचा जाब मात्र एका दिवसात विचारला गेला. आपण गुण मिळवले तरच या घरात आपल्याला जागा आहे, असे ज्या मुलाला वाटू लागते, त्याच्या पायाखालची भूमीच खचते. परीक्षांच्या निकालानंतर कोवळ्या मुलांनी जीव दिल्याच्या वार्ता ज्या ज्या वेळी येतात, त्या त्या वेळी प्रत्येक मातापित्याने स्वतःला विचारावे, की आपल्या घरात नापास झालेल्या मुलाने निर्भयपणे पाऊल टाकावे, अशी स्थिती आहे काय?

अर्जुनालाही हीच भीती पडली होती. प्रयत्न तर केला, पण मधेच चुकलो, तर छिन्न झालेल्या ढगाप्रमाणे आपला दोन्हीकडून नाश होईल काय, असे त्याने सहाव्या अध्यायात विचारले. त्यावर भगवंतांनी त्याला वत्सल पित्याच्या शब्दाने संबोधून अभय दिले, की कल्याणाच्या मार्गाने जाणारा कोणीही दुर्गतीस जात नाही. हे अभय मुलाला आईबापांच्या मुखातून मिळाले पाहिजे, आणि निकाल लागण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

आता असा प्रश्न उत्पन्न होतो, की मोह टाकायचा म्हणजे कठोर व्हायचे काय? मुळीच नाही. गीतेच्या आरंभी मोहित पिता आहे, त्याचप्रमाणे सबंध गीतेत एक आदर्श शिक्षकही आहे. त्याची रीत पाहिली म्हणजे शंका उरत नाही. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण केवळ एक वाक्य बोलतात; बाकी सर्व काळ ते अर्जुनाचे ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी अर्जुनाला ठणकावले आहे, पण ते दोनच श्लोकांत. खरा उपदेश सुरू होतो तो अर्जुन स्वतः शिष्यभावाने शरण आल्यानंतर. मग अर्जुन शंका विचारतो, तुमचे बोलणे मला गोंधळात पाडते असेही सुनावतो. तरी भगवान रागावत नाहीत, पुन्हा सांगतात. मन वाऱ्यासारखे अनावर आहे, अशी तक्रार त्याने केली, तेव्हा ‘तुला साधे मनही आवरत नाही काय’ असे न म्हणता, ते कठीण आहे हे त्यांनी आधी मान्य केले आणि मग अभ्यास व वैराग्य हे उपाय दाखवले. आणि सर्व सांगून झाल्यावर शेवटी काय म्हणाले? याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. सर्वसमर्थ असूनही त्यांनी निर्णय अर्जुनाच्या हाती ठेवला.

आधी ऐकणे, थोडक्यात रागावणे, अडचण मान्य करणे, उपाय दाखवणे, पुन्हापुन्हा न कंटाळता समजावणे आणि शेवटी निर्णयाचे स्वातंत्र्य देणे: अपत्यांना वळण लावण्याची सारी विद्या या सहा गोष्टींत सामावली आहे. आपल्याकडे परंपरेने असे सांगितले जाते, की पाच वर्षे मुलाचे लाड करावेत, पुढील दहा वर्षे त्याला शिस्त लावावी आणि सोळावे लागले की त्याला मित्राप्रमाणे वागवावे. यातील मधल्या दहा वर्षांचा अर्थ मारझोड असा करणारे लोक आहेत. परंतु माराने मूल दोष सोडत नाही, दोष लपवण्यास शिकते. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. जे शिक्षकाला वर्ज्य, ते मातापित्यांना भूषणावह कसे ठरेल? शिस्त म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेले काम आणि दिलेल्या शब्दाचे पालन. आणि ती प्रथम मोठ्यांनी पाळायची असते. श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसेच इतर लोक वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन घराइतके दुसरीकडे कोठेच खरे होत नाही. लहान मुलाला आईबापांहून श्रेष्ठ असे जगात कोणीही नसते.

याची दोन उदाहरणे अलीकडच्या काळातील आहेत.

महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या पंधराव्या वर्षाचा एक प्रसंग सांगितला आहे. भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा त्यांनी चोरला होता. मनाला टोचणी लागली, तेव्हा त्यांनी सर्व कबुली एका चिठ्ठीत लिहिली, शिक्षा मागितली आणि ती चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील फळीवर निजलेले होते. वाचण्यासाठी ते उठून बसले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, कागद भिजला. क्षणभर डोळे मिटून त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही बोलले नाहीत. वडील संतापतील, कपाळ बडवून घेतील, असे मुलाला वाटले होते. त्या मौन अश्रूंनी आपल्याला अहिंसेचा पाठ दिला, असे ते पुढे मोठेपणी लिहितात. त्या पित्याने दोष झाकला नाही, मुलाला झिडकारलेही नाही. सत्य सांगणाऱ्या मुलाचे सत्य त्याने सोसले. मुलाने खरे बोलावे असे वाटत असेल, तर ते ऐकण्याचे धैर्य आधी आपल्या ठायी हवे.

दुसरे उदाहरण आचार्य विनोबांच्या मातोश्रींचे. लहानपणी विनोबा खायला मागू लागले, की तुळशीला पाणी घातले काय, असे त्या विचारीत आणि पाणी घातल्यावरच खायला देत. घरी फणस फोडला, की गरे पहिल्यांदा शेजारीपाजारी वाटण्यासाठी मुलांच्या हाती देत. घरच्यांचा वाटा मागून. शेजारच्या घरी अडचण असली, की त्यांच्याकडे जाऊन स्वयंपाकही करीत. आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकून मग तेथे जाताना पाहून, हा तर स्वार्थ झाला, असे मुलाने म्हटले. त्यावर त्या हसून म्हणाल्या, की त्यांचा आधी केला तर जेवायच्या वेळी तो निवून जाईल. परोपकारावर त्यांनी व्याख्यान दिले नाही. गरम अन्न कोणाला मिळाले पाहिजे, एवढेच सांगितले. संस्कृत गीता समजत नाही म्हणून त्या मराठी गीतेच्या शोधात होत्या. उपलब्ध पद्यानुवादही कठीण वाटला, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे त्यांनी मुलाला म्हटले. १९१८ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या त्या विश्वासाचे फळ म्हणजे १९३०-३१ मध्ये लिहिली गेलेली ‘गीताई’. मुलाच्या क्षमतेवर आईने ठेवलेला विश्वास तिच्या मागे बारा वर्षांनी फळाला आला. त्या फळाची वाट पाहण्यास ती या जगात नव्हती. निष्काम कर्म याहून वेगळे काय असते?

मुलामुलींच्या संगोपनात गृहस्थांनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात.

१. दररोज एक वेळचे भोजन सर्व कुटुंबाने एकत्र करावे. त्या वेळी मोबाइल व दूरदर्शन बंद असावेत, आणि मोठ्यांचे आधी बंद व्हावेत.

२. मूल बोलू लागले की हातातील काम बाजूला ठेवून त्याचे पूर्ण ऐकावे. उपदेश मागून.

३. घरातील वाणी सत्य, प्रिय, हितकर आणि कोणाला उद्वेग न देणारी असावी. सतराव्या अध्यायात हेच वाणीचे तप म्हटले आहे. दारी आलेल्याला ‘बाबा घरी नाहीत’ असे मुलाच्या तोंडून कधीही सांगवू नये.

४. मुलाची तुलना भावंडांशी किंवा शेजाऱ्यांशी करू नये. मदालसेने तीन पुत्रांना वैराग्याचा आणि चौथ्या अलर्काला राजधर्माचा उपदेश केला, अशी मार्कंडेय पुराणात कथा आहे. ज्याची त्याची वाट निराळी असते.

५. मुलगा आणि मुलगी यांच्या आहारात, शिक्षणात व घरकामात भेद करू नये. जेथे असा भेद चालतो, तेथे धृतराष्ट्राचा ‘माझे’ हा शब्द नव्या रूपाने नांदतो.

६. परीक्षेच्या काळात ‘किती गुण मिळतील’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय समजले, काय अडले’ असे विचारावे. निकाल कसाही लागला, तरी त्या दिवशीचे जेवण नित्याप्रमाणे आनंदात व्हावे.

७. मूल बरेच दिवस एकटे, उदास राहू लागले, त्याची झोप किंवा भूक बिघडली, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर ते नाटक समजून दुर्लक्ष करू नये. लाज न बाळगता वैद्यांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते. रोग शरीराचा असो वा मनाचा, त्यावर उपचार करणे हे कर्तव्यच आहे.

८. आपल्याकडून मुलावर अन्याय झाला, तर ते त्याच्यापाशी मान्य करावे. त्याने मातापित्यांचा मान घटत नाही. चूक कशी सुधारावी याचा पाठ मुलाला मिळतो.

९. सायंकाळी दिवा लागल्यावर मुलांसह दहा मिनिटे प्रार्थना करावी व गीतेचा एखादा श्लोक अर्थासह समजून घ्यावा. अर्थ कळला नाही तर मुलाने प्रश्न विचारावा. प्रश्न विचारल्याबद्दल त्याला दटावू नये. अर्जुनाने प्रश्न विचारले नसते, तर गीताच झाली नसती.

अपत्ये ही भगवंताची ठेव आहे. ठेवीवर मालकी नसते. तिचे रक्षण करायचे असते आणि वेळ आली की ती योग्य ठिकाणी जाऊ द्यायची असते. ‘माझे’ म्हणून जो तिला कवटाळतो, तो तिला आणि स्वतःलाही गमावतो. ज्याची म्हणून ती आपल्या हाती आली, त्याचे स्मरण ठेवून जो तिची सेवा करतो, त्याचे घर हीच तपोभूमी होते. धृतराष्ट्राच्या कानी गीता आली ती दहाव्या दिवशी. ज्यांच्या घरी अद्याप पाळणा हलत आहे, पाटी-पेन्सिल वाजत आहे किंवा दहावीचा अभ्यास चालू आहे, त्यांच्यासाठी युद्धाचा पहिला दिवसही उजाडलेला नाही. त्यांनी ती आजच ऐकावी, आणि मुलांच्या देखत आचरावी.